लोसारला घरी या

श्रोतेहो, नमस्कार.

थंडी पडली की आपल्याकडे शहराशहरांत तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं रांगेनं लागतात. आमच्या घरातले स्वेटर वर्षानुवर्षं एकाच बाईंकडून येतात. आईनं घासाघीस करायची, बाईंनी "ताई, शेवटचं सांगते" म्हणायचं, हे ठरलेलं. एका वर्षी पैसे मोजून झाल्यावर त्या म्हणाल्या, "लोसारला घरी या." लोसार म्हणजे त्यांचं नवं वर्ष, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. आणि घर म्हणजे कर्नाटकातलं बैलकुप्पे, म्हैसूरहून मडिकेरीला जाताना कुशालनगरच्या जरा अलीकडे.

बैलकुप्प्याला तसे पर्यटक खूप. नामद्रोलिंग मठातल्या सोनेरी मूर्ती बघायच्या, मोमो खायचे आणि तासाभरात कूर्गच्या वाटेला लागायचं. आम्ही मात्र चार दिवस एका स्वयंपाकघरात बसलो.

घरात बाईंच्या सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. सगळे त्यांना मो-ला म्हणतात. मो म्हणजे आजी, आणि 'ला' म्हणजे आपलं 'जी'. दलाई लामा १९५९ साली भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो माणसं हिमालय ओलांडून आली. तेव्हाच्या म्हैसूर सरकारनं दिलेल्या जंगलजमिनीवर १९६१ साली ही वसाहत उभी राहिली. झाडं तोडून मका लावणाऱ्यांत मो-लांचे आईवडील होते. नातू फाडफाड कन्नड बोलतो. तिबेट त्यानं पाहिलेला नाही, त्याच्या आईनंही नाही.

सकाळ देवघरापासून सुरू होते. सात वाट्या ओळीनं मांडायच्या आणि पाण्यानं भरायच्या. दोन वाट्यांमध्ये अंतर किती? जवाच्या एका दाण्याएवढं. माझी एक वाटी शेजारणीला चिकटली, तर मो-लांनी काही न बोलता बोटानं अलगद सरकवली. संध्याकाळी त्या रिकाम्या करायच्या.

मग चहा. लोणी आणि मीठ घातलेला. तो चहा समजून प्यालात तर फसाल, गरम कढीसारखा भुरका मारा. घुसळायचा लाकडी दोंगमो कोपऱ्यात शोभेला उभा असतो, काम मिक्सर करतो. वाटी रिकामी केलीत की पुन्हा भरलीच म्हणून समजा. नको असेल तर भरलेली तशीच राहू द्यावी आणि उठताना संपवावी. हे मला तिसऱ्या वाटीनंतर कळलं.

लोसारच्या आधी, वर्षाच्या शेवटच्या महिन्यात एकोणतिसाव्या रात्री गुथुक होतं. 'गु' म्हणजे नऊ, म्हणून नऊ जिनसांचं हे थुक्पा, म्हणजे दाटसर सूप. त्यात प्रत्येकासाठी कणकेचा एकेक मोठा गोळा असतो आणि त्याच्या पोटात काहीतरी दडवलेलं. लोकर निघाली तर माणूस मऊ मनाचा, कोळसा निघाला तर काळ्या मनाचा. माझ्या गोळ्यातून मिरची निघाली. मिरची म्हणजे बडबड्या! मी रेडिओवर बोलतो हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की काय, अशी मला अजून शंका आहे.

मग कणकेचा मुटका अंगावरून फिरवून मुठीत दाबायचा, बोटांचे ठसे उमटवायचे, आणि वर्षभराची दुखणीखुपणी त्यात गेली असं मानून तो कणकेच्या पुतळ्यासोबत बाहेर टाकून यायचा. पुतळा घराबाहेर नेताना जो आरडाओरडा झाला, तो ऐकून मला थेट नागपूरची मारबत आठवली. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" एवढंच म्हणायचं बाकी होतं.

जाणार असाल तर दोन गोष्टी. ऐन थंडीत जाऊ नका, निम्मी वसाहत तेव्हा स्वेटर विकायला बाहेर असते. आपल्याला परवाना लागत नाही, परदेशी पाहुण्यांना मात्र आधी काढावा लागतो. एवढ्या लांब जायचं नसेल तर आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही १९७२ सालची वसाहत आहेच. आणि पोचल्या पोचल्या "तिबेटला परत जावंसं वाटतं का?" असं आजीला विचारू नका. मी विचारलं. त्या उठल्या आणि चहा आणायला गेल्या.

निघायच्या दिवशी रिक्षा दारात आली. तिबेटीत निरोपाचे दोन शब्द आहेत. जाणाऱ्यानं म्हणायचं 'काले शू', सावकाश बसा. राहणाऱ्यानं म्हणायचं 'काले फे', सावकाश जा. मी रात्रभर घोकलं होतं. दारात वाकून, दोन्ही हात जोडून, मो-लांना त्यांच्याच घरात ठणकावून म्हणालो, "काले फे!"

नातू हसून हसून पायरीवरच बसला.