ब्लूटूथ दहाच मीटर का पोचतं?

श्रोतेहो, नमस्कार.

गावात हळदीचा कार्यक्रम असतो. अंगणात स्पीकर ठेवलेला, गाणं रंगात आलेलं, आणि मध्येच गाणं तुटून कुणाच्या तरी मोबाइलमधल्या बातम्या मोठ्यानं सुरू होतात. "कोनाचा मोबाइल जुळला बे?" असा पुकारा होतो. मग एखादा पोरगा हळूच खिशात हात घालून ब्लूटूथ बंद करतो. तोच पोरगा मोबाइलवर गाणं लावून वावराकडे निघाला, की घराचा कोपरा ओलांडेपर्यंत स्पीकर मुका होतो. लोक म्हणतात, हे ब्लूटूथ लई कमजोर आहे. मला तसं वाटत नाही. त्याला लांब जाऊ द्यायचंच नाही, असं ठरवून ते बनवलं आहे.

तुम्ही नागपूर केंद्र मध्यम लहरींवर ऐकत असाल, तर ती लहर 585 किलोहर्ट्झची आहे. तिची लांबी अर्ध्या किलोमीटरहून थोडी जास्त भरते आणि ती गावोगाव पोचवायला प्रक्षेपकाला हजारो वॅट ओतावे लागतात. ब्लूटूथ हाही रेडिओच. पण त्याची लहर 2.4 गिगाहर्ट्झची, लांबीला साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितेपेक्षा जरा जास्त. आणि ताकद? दहा मीटरच्या वर्गातल्या यंत्राला जास्तीत जास्त अडीच मिलिवॅटची मुभा आहे. एका वॅटचे चारशे भाग केले तर त्यातला एक. शंभर मिलिवॅटचा मोठा वर्गही आहे, तो मोकळ्या जागेत शंभरेक मीटर जातो, पण खिशातल्या वस्तूंना त्याची गरज पडत नाही.

हा 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा सर्वांसाठी खुला आहे. भारतात 2005 पासून, ठरवून दिलेल्या ताकदीच्या आत राहिलात तर त्यासाठी परवाना लागत नाही. खुली जागा म्हटली की गर्दी आलीच. वाय-फाय इथंच, कॉर्डलेस माउस इथंच, शहरातल्या घरांमधला मायक्रोवेव्ह ओव्हनही याच्याच आसपास. आता विचार करा, प्रत्येक मोबाइलचं ब्लूटूथ कोसभर ऐकू गेलं असतं तर? गावातले सगळे स्पीकर, सगळे हेडफोन एकमेकांच्या बोलण्यात घुसले असते. ते दहा मीटरमध्ये विरतं, म्हणूनच तुमच्या ओसरीवर आणि चार घरं सोडून दुसऱ्याच्या ओसरीवर तीच लहर एकाच वेळी सुखानं वापरता येते.

तरी बसमध्ये किंवा लग्नमांडवात वीस-पंचवीस मोबाइल दाटीनं असतातच. तिथं जी युक्ती कामी येते, ती मला सगळ्यात आवडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल या दोघांनी मिळून 1942 साली अमेरिकेत एक पेटंट मिळवलं. रेडिओनं चालवायच्या पाणतीराचा, म्हणजे टॉर्पेडोचा, संदेश शत्रूला बिघडवता येऊ नये, म्हणून पाठवणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एकाच क्रमानं लहर बदलत राहायचं, अशी त्यांची कल्पना. हा क्रम ठेवायला त्यांनी आपोआप वाजणाऱ्या पियानोला असतात तशा भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्या सुचवल्या होत्या, आणि लहरी किती, तर पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, 88! ब्लूटूथची चाल त्याच जातीची. गाणं ऐकवणारं नेहमीचं ब्लूटूथ 79 वाटांवरून उड्या मारतं, सेकंदाला 1600 वेळा. खंजिरी भजनात म्हणणारा चाल बदलतो त्याच क्षणी खंजिरीवालाही बदलतो, कारण क्रम दोघांना पाठ असतो. तसा मोबाइलला आणि स्पीकरला उड्यांचा क्रम ठाऊक असतो. एखाद्या वाटेवर दुसरा कुणी आडवा आला तर तेवढा कण वाया जातो, पुढची उडी मोकळ्या वाटेवर पडते. 2003 च्या आवृत्तीपासून तर वाय-फायनं अडवलेल्या वाटा ओळखून त्या टाळायचीही सोय झाली.

हा क्रम ठरतो कधी? दोन यंत्रं जुळतात तेव्हा. एक यंत्र मुख्य होतं, त्याच्या घड्याळावर बाकीची चालतात, आणि अशी सात यंत्रं त्याच्याभोवती एका वेळी कामात राहू शकतात. पहिल्यांदा पेअर करताना दोघं मिळून एक गुप्त किल्ली तयार करून जपून ठेवतात. हळदीतल्या घोटाळ्याचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं. स्पीकर मागच्या लग्नात ज्या मोबाइलशी जुळला होता, तो त्याच्या आठवणीत असतो. तो अंगणात आला आणि चालू असलेला मोबाइल जरा लांब गेला, की स्पीकर जुन्या ओळखीला धरतो. स्पीकर भाड्यानं देणाऱ्यांनी परत आल्यावर ही आठवण पुसून टाकावी. ती कशी पुसायची, हे त्या स्पीकरच्या माहितीपुस्तिकेत पाहावं.

आता वावरातली गोष्ट. पाठीवर फवारणीचा पंप, मोबाइल मागच्या खिशात, कानात बड्स, आणि पऱ्हाटीतून चालताना आवाज तुटक-तुटक येतो. बड्स खराब नसतात. या लहरी पाण्यात मुरतात, आणि माणसाचं शरीर म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. वर पंपात पंधरा-सोळा लिटर. मोबाइल शर्टाच्या वरच्या खिशात घ्या, आवाज सरळ होतो. अर्थात औषधाच्या हातानं बड्स कानात घालणं मला मुळीच पसंत नाही. फवारणीपुरतं गाणं राहू द्या.

काही गोष्टी ब्लूटूथच्या वाटतात, पण नसतात. पानठेल्यावर पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा आता बहुधा आपल्याच सिमकार्डावर चालतो, दुकानदाराचा मोबाइल घरी राहिला तरी तो बोलतो. रात्रीची लाइन आल्यावर घरबसल्या विहिरीवरची मोटर सुरू करणारा मोबाइल स्टार्टरही सिमवरचाच. वावर दोन किलोमीटरवर असेल तर तिथं ब्लूटूथचं काम नाही.

त्याचं खरं काम पाहायचं तर काही गावांत कंट्रोलच्या दुकानात पाहा. काटा आणि ई-पॉस मशीन कुठे वायरनं, कुठे ब्लूटूथनं जोडलेलं असतं. पायलीनं गहू पडत जातो, आकडा हलत राहतो, थांबला की मशीन तो स्वतः उचलतं. दुकानदाराला बोटानं वजन टाकावं लागत नाही. शेजारी दुसरा काटा ठेवला तरी मशीन त्याचं ऐकत नाही, कारण किल्ली एकाशीच जुळलेली.

राहता राहिला सुरक्षिततेचा प्रश्न. दोन मोबाइल जोडताना दोन्हींवर सहा आकडे दिसतात. ते जुळतात का हे पाहूनच होकार द्यायचा. न मागता आलेल्या विनंतीला नकार. मोबाइल विकायचा असेल तर जुळलेल्या यंत्रांची यादी आधी रिकामी करा, आणि ट्रॅक्टर विकताना त्याच्या म्युझिक सिस्टिममधली यादीसुद्धा, कारण पुष्कळ सिस्टिम तुमचे फोन नंबरही उतरवून घेतात.