पाठीवरून कातडीखाली

(जुनं कृष्णधवल छायाचित्र)
सायकलवर बसलेले हे नॉर्मन होल्टर. गाव हेलेना, अमेरिकेतलं मोंटाना राज्य. पाठीवरचं धूड म्हणजे रेडिओ यंत्रणा, वजन साधारण 38 किलो. 1940 च्या दशकात हिंडत्या-फिरत्या माणसाचा ईसीजी घ्यायचा, तर एवढं ओझं वाहावं लागे. होल्टर डॉक्टर नव्हते, भौतिकशास्त्रज्ञ होते. आज अंगावर ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र लावलं की पेशंट 'होल्टर लावलंय' म्हणतात, ते यांचंच नाव.

पण होल्टर लावतात एक-दोन दिवस, फार तर दोन आठवडे. वर्षातून दोनदा चालता-चालता कोसळणाऱ्याचा ईसीजी एरवी नॉर्मलच येतो. मग कुणी फिटच्या गोळ्या सुरू करतं, कुणी अशक्तपणा म्हणून सलाईन लावतं.

1990 च्या दशकात कॅनडातल्या लंडन शहरात जॉर्ज क्लाइन, अँड्र्यू क्रान आणि सहकाऱ्यांनी ईसीजी नोंदवणारं यंत्र, म्हणजे 'लूप रेकॉर्डर', थेट कातडीखालीच बसवलं.

(क्लोजअप)
आता डॉक्टरांच्या हाताकडे बघा. पेशंट जागा आहे, भूल तेवढ्या जागेपुरती. छातीच्या मधल्या हाडाच्या डावीकडे, चौथ्या-पाचव्या फासळीच्या मध्ये, जेमतेम सेंटिमीटरभर छेद. अवजार तिरकं आत सरकतं, दांडा दाबला की यंत्र जागेवर. आगकाडीएवढं लांब, अडीच ग्रॅम. हृदयात वायर नाही, हृदयाला स्पर्शसुद्धा नाही. वर एखादा टाका, नाहीतर नुसती पट्टी.

(आलेख)
यंत्र जुनं पुसत नवं लिहीत राहतं. ठोके अडखळले किंवा बेफाम सुटले, की तेवढा तुकडा राखून ठेवतं. असं तीन वर्षं, नव्या यंत्रांत साडेचार. ही सपाट रेघ दिसली? हृदय थांबलंय. सेकंद मोजा.

अशी रेघ हाती लागली की पुढे बहुधा पेसमेकर, म्हणजे ठोके थांबू न देणारं यंत्र.

(पक्षाघात विभाग)
कारण न सापडलेल्या पक्षाघातातही ते कामी येतं. 2014 साली 441 पेशंटांच्या अभ्यासात, वर्षभरात यंत्र बसवलेल्यांपैकी 12.4 टक्के जणांत एट्रियल फिब्रिलेशन सापडलं, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, जिच्यामुळे गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. नेहमीच्या तपासण्यांत 2 टक्के. सगळ्यांना सरसकट बसवावं का, हा वाद वेगळा: डेन्मार्कमध्ये सहा हजार ज्येष्ठांच्या चाचणीत फिब्रिलेशन पुष्कळ सापडलं, पक्षाघात मात्र लक्षणीय कमी झाले नाहीत.

(उशाजवळचा छोटा डबा)
दिवसभराच्या नोंदी रात्री या डब्यातून दवाखान्यात जातात. पेशंटनं फक्त त्याच खोलीत झोपायचं.