झोपताना बाटली हवीच म्हणणारं मूल

श्रोतेहो, नमस्कार.

"एवढा मोठा झालास आणि अजून बाटली?" अडीच-तीन वर्षांच्या मुलाला हे वाक्य घरात, दारात, पाहुण्यांसमोर किती वेळा ऐकावं लागतं! बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण ते ऐकून मूल बाटली सोडत नाही. उलट दिवसभर ओशाळलेल्या मुलाला रात्री ती जास्तच हवीशी वाटते. आज मी बोलणार आहे ते या झोपतानाच्या बाटलीबद्दल. दिवसाच्या बाटल्या बहुतेक घरांत हळूहळू मागे पडतात, कारण मूल खेळात रमतं, चार माणसांबरोबर जेवायला बसतं, पेला हातात धरायला शिकतं. झोपतानाची मात्र शेवटपर्यंत उरते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. अंगावर पिणाऱ्या मुलांबद्दल मी बोलत नाहीये. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि मग वरच्या आहाराबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही स्तनपान, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तो विषय निराळा. मी बोलतेय ते दूध भरलेली बाटली तोंडात धरून झोपी जाणाऱ्या मुलाविषयी.

हे मूल बाटली मागतं तेव्हा ते भुकेलेलं असतं का? बहुतेक वेळा नाही. एक वर्ष उलटलेल्या, नीट जेवणाऱ्या, वजन व्यवस्थित वाढणाऱ्या मुलाला रात्री मधेच उठून दूध लागत नाही. त्याला हवं असतं ते चोखणं. जन्मल्यापासून त्याच्या शरीराला शांत होण्याचा तोच रस्ता माहीत आहे. ओठ हलू लागले की अंग सैलावतं, डोळे मिटतात. आपण सगळेच रात्रीतून अनेकदा अर्धवट जागे होतो, कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी ते आठवतही नाही. मूलही तसंच जागं होतं, पण डोळा लागला तेव्हा तोंडात बाटली होती आणि आता ती नाही. पुन्हा झोपायचं कसं हे त्याला कळत नाही, म्हणून ते रडून उठतं. आपण बाटली देतो, ते झोपतं. तो हट्टीपणा नव्हे. झोपेची दुसरी रीत त्याला अजून कुणी शिकवलेलीच नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: बाटली काढून घेण्याआधी दूध आणि झोप यांची गाठ सोडवा. ते कसं करायचं ते सांगते, पण हे करायचंच कशाला, ते आधी बघू.

सगळ्यात मोठं कारण दात. दुधात साखर असते, वरून घातली नसली तरी. तोंडातले जंतू त्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दाताचं वरचं कवच झिजवतं. जागेपणी लाळ सतत वाहते आणि हे आम्ल धुऊन नेते. झोपेत लाळ फार कमी होते, गिळणंही मंदावतं, आणि दूध दातांभोवती रात्रभर साचून राहतं. वरचे पुढचे दात आधी किडतात, खालचे पुढचे बऱ्याचदा वाचतात, कारण चोखताना जीभ खालच्या दातांवर पसरलेली असते. आज रात्री दिव्याखाली मुलाचा वरचा ओठ हलकेच उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात आहे, आणि या टप्प्यावर ती थांबवता येते. तपकिरी डाग किंवा खड्डा दिसला तर दंतवैद्याकडे न्यायला वेळ लावू नका.

"दुधाचेच दात, पडणारच आहेत," असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. तेवढी वर्षं मूल त्यांनी चावणार, जेवणार. खालून येणाऱ्या कायमच्या दातांसाठी तेच जागा धरून ठेवतात. किडका दात ठणकायला लागला की मूल जेवत नाही, झोपत नाही आणि नेमकं कुठे दुखतंय हे सांगताही येत नाही. लहान जिवाला एवढं सोसायला लावायचं कारण काय?

दुसरं कारण चटकन लक्षात येत नाही. दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि त्यातलं कॅल्शियम इतर अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. दिवसाला साधारण अर्धा लीटर दूध या वयाला पुरतं. बाटलीने पिणारी मुलं सहज त्याच्या पुढे जातात, कारण बाटलीतून किती गेलं ते त्यांना कळतच नाही. दुधाने पोट भरलं की जेवण नको होतं. मूल गुटगुटीत दिसतं, पण पांढुरकं पडतं, लवकर थकतं, काही मुलं माती किंवा भिंतीचे पोपडेही खातात. असं काही दिसलं तर डॉक्टरांना सांगून रक्ताची तपासणी करून घ्या. बद्धकोष्ठाची तक्रारही पुष्कळदा या जादा दुधामुळे असते. आणि आडवं पडून प्यायल्याने कानाचा जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते, कारण घशातून कानाकडे जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी असते.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते की पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास बाटली कमी करायला लागावं आणि दीड वर्षापर्यंत ती बंद व्हावी. तुमचं मूल त्याहून मोठं असेल तर जीव टांगणीला लावू नका. मोठ्या मुलाबरोबर एक सोय असते: त्याला बोललेलं समजतं.

आता गाठ सोडवण्याबद्दल. बहुतेक घरांत पहिल्याच रात्री बाटलीऐवजी कप पुढे येतो. मला वाटतं, थोडं थांबावं. सुरुवातीचे काही दिवस बाटली तीच राहू द्या, दूधही तेच. फक्त जागा आणि वेळ बदला. अंथरुणात नाही, झोपायच्या खोलीतही नाही. दिवा चालू, मूल मांडीवर किंवा शेजारी ताठ बसलेलं. दूध पिऊन झालं की दात घासायचे आणि मगच अंथरूण. दात घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकाने पाळायचा. आता अंथरुणात मूल जागं आहे आणि तोंडात काही नाही. खरं काम इथे सुरू होतं.

या रिकाम्या जागेत काहीतरी द्यावं लागतं. गोष्ट, गाणं, पाठीवरून फिरणारा हात, दिवसभरात काय काय झालं याच्या गप्पा. जे निवडाल ते रोज तेच आणि त्याच क्रमाने असू द्या. नव्या गोष्टींची गरज नाही, मुलांना तीच गोष्ट शंभरदा चालते आणि ठाऊक असलेला शेवट त्यांना धीर देतो. एखादी मऊ चादर किंवा कापडी बाहुली जवळ घेऊ द्या. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1951 साली अशा वस्तूंबद्दल मांडणी केली होती. आई नजरेआड असतानाचा काळ मूल या वस्तूच्या आधाराने निभावतं, आणि मोठ्यांनी तिचा मान राखावा, असं त्यांचं म्हणणं होतं. तुमच्या मुलासाठी आजवर बाटली हीच ती वस्तू असेल. म्हणून ती जाताना दुसरं काही हाताशी हवं.

बाटलीशिवाय डोळा लागायला लागला की मग कप आणा. कोणता, ते मुलाला ठरवू द्या. तोटीचा कप घेऊन मूल दिवसभर घोटघोट दूध पीत फिरणार असेल तर दातांना फायदा काहीच नाही, म्हणून साधा उघडा पेला उत्तम. सांडेल, पुसू. कपातलं दूध मुलाने अर्धंच प्यायलं किंवा अजिबात घेतलं नाही, तर घाबरू नका. दही, पनीर यांतूनही कॅल्शियम मिळतं, आणि सकाळची भूक वाढलेली दिसेल.

मध्यरात्री बाटली मागणाऱ्या मुलासाठी थोडा वेगळा मार्ग आहे. त्या बाटलीत दर एक-दोन रात्रींनी दूध थोडं कमी आणि पाणी थोडं जास्त करत जा. आठ-दहा दिवसांत निव्वळ पाणी उरतं, आणि पाण्याने दात किडत नाहीत. पुष्कळ मुलं मग पाण्यासाठी उठणं स्वतःच सोडतात. हा उपाय फक्त एक वर्षापुढच्या निरोगी मुलांसाठी आहे. तान्ह्या बाळाच्या दुधात पाणी कधीही मिसळू नका. मुलाचं वजन वाढत नसेल किंवा काही आजार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

बाटली पूर्ण बंद करायचा दिवस मुलाला आधी सांगा. गुपचूप लपवू नका. "उंदराने नेली," "हरवली," असं म्हणू नका, निपलला कडू काही लावू नका, डॉक्टरांची भीती घालू नका. ज्या माणसांच्या भरवशावर मूल झोपतं, त्यांनीच त्याला फसवणं मला बरोबर वाटत नाही. सरळ सांगा, "शनिवारपासून बाटली नाही. दूध कपात, आणि झोपताना मी शेजारी." मूल रडेल, भोकाड पसरेल. तेव्हा समजूत घालायला लांबलचक बोलू नका. "तुला बाटली हवी आहे, मला कळतंय. बाटली नाही. मी इथेच आहे." एवढं, शांतपणे, पुन्हा पुन्हा. पहिल्या दोन-तीन रात्री जड जातात. तिसऱ्या रात्री कंटाळून बाटली दिलीत, तर पुढच्या वेळी ते तिसऱ्या रात्रीपर्यंत नक्की रडेल, कारण तेवढं रडल्यावर ती मिळते हे त्याला कळलेलं असतं.

घरात धाकटं भावंड येणार असेल, घर बदलत असेल, शाळा नुकतीच सुरू झाली असेल किंवा मूल आजारी असेल, तर महिनाभर थांबा. आणि आई, बाबा, आजी, आजोबा, सांभाळणाऱ्या ताई, सगळ्यांनी आधी एकत्र बसून ठरवा. आजीला नातवाचं रडणं ऐकवत नाही, यात आजीचा दोष नाही. तिलाच गोष्ट सांगायचं काम द्या.

बाटली सुटल्यानंतर तापात वगैरे मूल ती पुन्हा मागेल. तेव्हा कपाने थोडं थोडं पाणी पाजा, जास्त वेळ जवळ घ्या, पण बाटली बाहेर काढू नका. रिकाम्या बाटल्या घरातून काढून टाकल्या असतील तर हे सोपं जातं. दात रोज दोनदा फ्लोराइडच्या पेस्टने घासा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. ब्रश मुलाच्या हातात जरूर द्या, पण शेवटचा हात तुमचाच फिरू द्या, सहा-सात वर्षांचं होईपर्यंत. आणि अजून एकदाही दंतवैद्याकडे गेला नसाल, तर दुखायची वाट न पाहता या महिन्यातच जाऊन या.

नमस्कार.