आधी पंख बघा

नमस्कार. आत येताना दारातच एका मुलीनं मला गाठलं. हातात पाण्याची प्लॅस्टिकची बाटली, आत जास्वंदीच्या पानावर खंडोबाचा किडा, पुढचे पाय हात जोडल्यासारखे दुमडून बसणारा, इंग्रजीत प्रेइंग मॅन्टिस. "सर, याचं नाव काय?" मी म्हटलं, "आधी पंख बघ." तिला वाटलं मी टाळतोय. टाळत नव्हतो. गेली कित्येक वर्षं मला लोकांना एवढंच सांगायचं आहे, म्हणून आज तिथूनच सुरुवात करतो.

आपल्याला नावाची फार घाई असते. पावसाळा लागला की माझ्या फोनवर रोज फोटो येतात, "जात कोणती?" आणि फोटोत बहुतेक वेळा पिल्लू असतं. जात ओळखायच्या पुष्कळशा खुणा पंखांवर असतात, आणि पिल्लाला पंखच नसतात. पाठीवर नुसते पंखांचे कोंब. रंगावर तर जाऊच नका, एकाच जातीत हिरवे असतात आणि तपकिरीही. पण या घाईत खरा प्रश्न राहून जातो. हा किडा अजून कात टाकणार आहे का? त्याचं तुमच्या घरात जगणं-मरणं यावर ठरतं.

मला हे कसं कळलं ते सांगतो. नववीत होतो. शेवग्यावरून एक तपकिरी पिल्लू आणलं आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलं. झाकणाला भोकं पाडली, तळाला माती, वर गवत, अगदी बाग केली. माशी सोडली की ते आधी मान वळवायचं. मान वळवून मागे बघणारे किडे फार थोडे, हा त्यातला. आणि डोळ्यातला तो काळा ठिपका! तुम्ही कुठूनही बघा, तो तुमच्याकडेच रोखलेला. ती बाहुली नव्हे. याचा डोळा संयुक्त, म्हणजे असंख्य बारीक नळ्यांची मोळी; त्यातल्या ज्या नळ्या नेमक्या आपल्या दिशेला असतात त्यांतून प्रकाश परत येत नाही, म्हणून तेवढा भाग काळा दिसतो. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं, ते मला ओळखतं.

मग एके दिवशी त्यानं खाणं सोडलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पाठीवरचे कोंब फुगले होते. मी समजलो आजारी पडलं, आणि चिमट्यात माशी धरून त्याच्या तोंडापुढे नाचवत राहिलो. ते मागे मागे सरकत होतं. रात्री बरणी उशाशी घेऊन झोपलो. सकाळी ते तळाच्या मातीत आडवं पडलेलं. नवे पंख चुरगळलेल्या कागदासारखे, एक मागचा पाय जुन्या कातीतच अडकलेला. कात टाकताना हा किडा छताला उलटा लटकतो आणि स्वतःच्या वजनानं कातीतून खाली सरकत बाहेर येतो. माझ्या बरणीचं झाकण गुळगुळीत पत्र्याचं होतं. त्याला धरायला काही नव्हतं. पुढे सोळा दिवस मी त्याला हातानं भरवलं. ते पंख काही सरळ झाले नाहीत, कारण पंख फुटले की पुन्हा कात नाही.

म्हणून म्हणतो, याचं घर तळात नसतं, छतात असतं.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं उरलीत. तरी इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातला प्रयोग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिथे या किड्यांच्या डोळ्यांवर मधमाश्यांच्या मेणानं इवलासा थ्रीडी चष्मा चिकटवला आणि पडद्यावर खोटं भक्ष्य दाखवलं. ते जवळ असल्याचा भास झाला की किडा झडप घालायचा. हा कीटक दोन डोळ्यांनी अंतर मोजतो, हे दाखवणारा हा प्रयोग 2016 साली छापून आला.

आता आजच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत कबूल केलेली ओळख, भराभर. नाकतोड्याशी जवळचं नातं नाही, हा झुरळाचा भाऊबंद. पुढचे पाय असेच दुमडलेले पण पंख पारदर्शक, जाळीदार असतील तर तो दुसराच कीटक, त्याला यात धरू नका. पंख फुटलेला, बोटभर लांब, दणकट, पुढच्या पंखावर पांढरा ठिपका असेल तर बहुधा हायरोड्युला. पंखांवर डोळ्यासारखं नक्षीदार चिन्ह असलेला छोटा, तो फुलांवरचा क्रिओब्रोटर. गवताच्या काडीसारखा, वाळक्या माळावर सापडतो तो शिझोसेफाला. पोट खालून मोजा: आठ वळ्या दिसल्या तर नर, सहा तर मादी.

सांभाळ. डबा किड्याच्या लांबीच्या तिप्पट उंच हवा, वर जाळी किंवा ताणून बांधलेलं सुती कापड. एका डब्यात एकच, दोन ठेवलेत तर एकच उरेल. खाणं जिवंत: माश्या, पतंग, लहान नाकतोडे, पण फवारणी झालेल्या शेतातले नकोत. रोज डब्याच्या आतल्या बाजूला पाण्याचा बारीक फवारा, किडा ते थेंब पितो. खाणं सोडलं आणि कोंब फुगले की भक्ष्य बाहेर काढा, डबा हलवू नका, माशी नाचवू नका. रातकिडा आत राहिला तर कात टाकून मऊ पडलेल्या किड्याला तोच कुरतडतो. रानातल्या किड्याच्या पोटातून कधी लांब काळा दोऱ्यासारखा जंत निघतो, तेव्हा तुमचं काही चुकलेलं नसतं. अभयारण्यातून मात्र काहीही उचलायचं नाही.

मादीनं छताला अंड्यांची फेसाची डबी घातली, तर ती वाळून स्पंजासारखी होते. कधी कधी त्यातून शंभरावर पिल्लं बाहेर पडतात आणि घरात एकमेकांना खातात. ती डबी काडीसकट सोडवा आणि जिथून मादी आणली त्याच कुंपणावर सावलीत, मुंग्या चढणार नाहीत अशी बांधा.

प्रश्न नंतर घेऊ. बाळ, तुझी बाटली आण इकडे. या किड्याच्या पाठीवर कोंब आहेत, फुगलेत थोडे. कुणाकडे रबर आणि सुती रुमाल आहे का?