झुरळा, तुझे कागद दाखव

नमस्कार मंडळी, जेवणं झाली का? नसतील तर आधी उरकून घ्या, कारण आज मी सुरवातच झुरळापासून करणारे.

एका भिकार हॉटेलची खोली आहे, उकाडा आहे, एक माणूस दाढी न करता, कपडे न बदलता दिवसचे दिवस नुसता पलंगावर पडून आहे. भिंतीवरून एक झुरळ चढतंय. हा हातातली काठी त्याच्यापुढे आडवी धरतो आणि साहेबी आवाजात विचारतो, काय रे, कुठे निघालास? व्हिसा आहे? कागद दाखव. कागद नाहीत? मग नाही जाता येणार.

हा सीन तुम्हाला कुठेही बघायला मिळणार नाही, कारण तो फक्त लिहिला गेला, शूट झालाच नाही. का नाही झाला ते सांगतो, पण आधी पिक्चरबद्दल बोलू. 'होल्ड बॅक द डॉन', 1941 सालचा, पॅरामाउंटचा, ब्लॅक अँड व्हाइट, डायरेक्टर मिचेल लायझन, आणि लिहिणारे दोघं, चार्ल्स ब्रॅकेट आणि बिली वाइल्डर. वाइल्डर म्हणजे तोच, ज्याचा 'सम लाइक इट हॉट' आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलाय.

गोष्ट अशी. जॉर्ज इस्कोव्हेस्कू नावाचा रोमानियन माणूस, देखणा, पण धंदा काय तर श्रीमंत बायकांबरोबर नाचायचं आणि त्यांच्या पैशावर जगायचं. युरोपात युद्ध पेटलंय, हा पळून मेक्सिकोत येतो, अमेरिकेच्या अगदी बॉर्डरवरच्या गावात. समोर कुंपण, कुंपणापलीकडे अमेरिका. ऑफिसात जाऊन विचारतो तर साहेब सांगतो, रोमानियाचा कोटा भरलाय, नंबर लागायला आठेक वर्षं लागतील.

आता हा कोटा काय प्रकार होता ते थोडं सांगायला हवं. अमेरिकेने 1924 साली कायदा केला की कुठल्या देशातून वर्षाला किती माणसं घ्यायची ते ठरवून टाकायचं. ब्रिटनला हजारोंनी जागा, आणि रोमानियासारख्या देशाला तीसच्या दशकात वर्षाकाठी चारशेच्या आत. चारशे! आपल्याकडे एका मोठ्या सोसायटीत याहून जास्त लोक राहतात. म्हणजे तुम्ही माणूस कसे आहात, काय काम करता, हे सगळं नंतर, आधी तुमचा जन्म कुठे झाला ते सांगा.

तर जॉर्ज अडकतो. गावात एक हॉटेल आहे, एस्पेरान्झा, स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ आशा, आणि ते सगळं असल्याच अडकलेल्या लोकांनी भरलेलं. याला आधी खोलीच मिळत नाही. मग मिळते, कारण त्या खोलीतल्या माणसाने गळफास लावून घेतलेला असतो. पिक्चर रोमँटिक म्हणून ओळखला जातो बरं का, आणि नायकाची एंट्री अशी.

सहा महिन्यांनी त्याला त्याची जुनी डान्स पार्टनर भेटते, अनिता, पॉलेट गोडार्डने केलीय, आणि काय केलीय! ती त्याला सांगते, अरे वेड्या, लाइनीत कशाला उभा राहतोस, मी सरळ एका अमेरिकनशी लग्न केलं, आत गेले आणि घटस्फोट घेऊन मोकळी झाले. झालं. मग एक शाळामास्तरीण शाळेच्या पोरांना गाडीत घालून ट्रिपला बॉर्डरपलीकडे आलेली याच्या नजरेस पडते, मिस एमी ब्राऊन, कॅलिफोर्नियातल्या अझुसा नावाच्या छोट्या गावची. गाडी बिघडते, आणि ती वेळेत नीट होऊ नये याची हा बरोब्बर व्यवस्था करतो. एका रात्रीत असं काही प्रेमाचं बोलतो की सकाळी लग्न! आणि अंगठी कुणाची, तर अनिताची, उसनी मागून आणलेली.

मला इथे नेहमी आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिराती आठवतात. मुलगा उंच, निर्व्यसनी, ग्रीनकार्ड होल्डर. आमच्या मावशीकडे एक वही होती स्थळांची, त्यात नावापुढे कंसात 'यूएस' लिहिलेलं असलं की त्या पानाचा कोपरा दुमडलेला असायचा, मुलगा कसा आहे ते नंतर बघू. तेव्हा जॉर्जला आपण फार नावं ठेवू नयेत असं मला वाटतं, निदान तो खोटं बोलतोय हे त्याला स्वतःला तरी माहीत होतं.

पण ही कल्पना नुसती टेबलावर बसून सुचलेली नाही. मूळ कथा केटी फ्रिंग्ज या लेखिकेची. तिचा नवरा कुर्ट जर्मन बॉक्सर, आणि लग्न झाल्यावरही अमेरिकेत शिरता येईना म्हणून तो मेक्सिकोत अडकला होता. आणि वाइल्डर स्वतः? तो जन्मला 1906 साली, आज पोलंडमध्ये असलेल्या सुखा गावात, बर्लिनमध्ये पिक्चर लिहायचा, 1933 मध्ये हिटलर आला तसा पॅरिसला पळाला, पुढच्या वर्षी अमेरिकेत पोचला, पण व्हिजिटर व्हिसावर. कायमचं राहायचं तर देशाबाहेर जाऊन नव्याने व्हिसा घ्यायला हवा, म्हणून हा गेला मेक्सिकालीला, मेक्सिकोतल्या बॉर्डरवरच्या गावाला. कागद जवळजवळ काहीच नाहीत, पळताना कोण फाइल भरून घेतं? 1988 मध्ये ऑस्करच्या स्टेजवर म्हाताऱ्या वाइल्डरने हा किस्सा स्वतः सांगितला, की तिथल्या अमेरिकन कौन्सलने विचारलं, तू करतोस काय? हा म्हणाला, पिक्चर लिहितो. कौन्सल येरझारा घालत राहिला, मग पासपोर्टवर शिक्का मारला आणि म्हणाला, चांगले लिही. त्या माणसाचे आभार मानायला वाइल्डर स्टेजवर उभा होता. आणि जे मागे राहिले त्यांचं काय झालं तेही सांगतो, त्याची आई हिटलरच्या माणसांनी मारली.

आता परत झुरळाकडे. हे सगळं भोगलेल्या माणसाने तो सीन लिहिला होता, आणि जॉर्जचं काम करत होता शार्ल बॉये, फ्रेंच, मोठा स्टार. तो म्हणाला, झुरळाशी काय बोलायचं, ते काय उत्तर देणारे का? डायरेक्टर म्हणाला, बरोबर, काढून टाका. वाइल्डरला कळलं तेव्हा तो इतका भडकला की म्हणे, हा झुरळाशी बोलणार नसेल तर कोणाशीच बोलणार नाही, आणि दोघा लेखकांनी पिक्चरच्या शेवटच्या भागातले बॉयेचे डायलॉग कापून ते नायिकेच्या वाट्याला दिले. पुढे आपलं लिखाण दुसऱ्याच्या हातात द्यायचंच नाही म्हणून वाइल्डर स्वतः डायरेक्टर झाला, 1942 मध्ये त्याचा हॉलिवुडमधला पहिला पिक्चर आला. म्हणजे बघा, एका झुरळाचे उपकार.

माझं मत विचाराल तर तो राग नायिकेच्या पथ्यावर पडला. एमीचं काम केलंय ऑलिव्हिया डी हॅविलँडने, आणि पिक्चर तिचाच आहे. जॉर्जला हळूहळू तिच्यावर खरंच प्रेम जडतं, लग्नानंतर दोघं गाडीने निघतात, वाटेत एका खेड्यात नवीन जोडप्यांचा सण चाललेला असतो तिथे, वगैरे, ते सगळं ठीक आहे, गोड आहे, पण मला ते तेवढं पटत नाही, इतका पोचलेला माणूस दोन दिवसांत सुधारतो हे जरा अतीच. खरी जागा पुढे आहे. अनिता जाऊन एमीला सगळं सांगून टाकते, अंगठीसकट. आणि नेमका त्याच वेळी इमिग्रेशनचा इन्स्पेक्टर हॅमॉक समोर उभा, तो याच लग्नाच्या वासावर फिरतोय. एक शब्द बोलली असती तर नवरा कायमचा बाहेर. ती शांतपणे त्याला वाचवते. खोटं बोलते. आयुष्यात ज्या बाईने पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं ती. आणि मग त्याला सोडून गाडी काढून निघून जाते. रडारड नाही, थोबाडीत नाही. पुढे तिचा अपघात, हा बॉर्डर चोरून ओलांडून हॉस्पिटल गाठतो, पैशासाठी थेट पॅरामाउंटच्या स्टुडिओत घुसून आपली गोष्ट डायरेक्टरला विकायला बसतो, आणि तो डायरेक्टर कोण, तर लायझन स्वतःच! पिक्चर सुरूच तिथून होतो.

सहा ऑस्कर नॉमिनेशन्स मिळाली आणि एकही हाती आलं नाही. ऑलिव्हिया ज्या बाईकडून हरली ती तिची सख्खी बहीण, जोन फॉन्टेन.

आणखी एक गंमत बघा. पिक्चरमधली ही पक्की अमेरिकन मास्तरीण, ऑलिव्हिया, जन्मली टोकियोत, ब्रिटिश आईबापांच्या पोटी, आणि अमेरिकेची नागरिक झाली त्याच साली, 1941 मध्ये. झुरळाशी बोलायला तयार नसलेले बॉयेसाहेब 1942 मध्ये झाले. म्हणजे सेटवर सगळेच लाइनीत उभे होते, कोणी पुढे, कोणी मागे.

आपला माणूस या लाइनीत कुठे होता? तर कुठेच नव्हता. मेक्सिकालीच्या समोर, बॉर्डरपलीकडे कॅलिफोर्नियाची इम्पीरियल व्हॅली आहे, तिथे त्याच काळात पंजाबी शेतकरी राबत होते. 1917 च्या कायद्याने भारतातून नव्याने येणं बंद, 1923 च्या कोर्टाच्या निकालाने नागरिकत्व बंद, गावाकडची बायको आणता येत नाही, गोऱ्या बाईशी लग्नाला कॅलिफोर्नियाचा कायदा आडवा. मग कित्येकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, घरात एका चुलीवर रोटी नि दुसऱ्यावर तोर्तिया, पोरांची नावं होजे सिंग अशी. जॉर्जला आठ वर्षं थांब म्हणाले, यांना नंबरच नव्हता. 1946 मध्ये भारताला कोटा मिळाला, किती? वर्षाला 100. त्याच व्हॅलीतला दलीपसिंग सौंद 1949 मध्ये नागरिक झाला आणि 1956 मध्ये थेट अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेला, पण तो एकटा.

हा पिक्चर मी गेल्या महिन्यात आईबरोबर लॅपटॉपवर पाहिला. माझी मावसबहीण एच-वन-बीवाल्या नवऱ्यामागे तिकडे गेलीय, ग्रीनकार्डची फाइल कधीची पडलीय, भारतवाल्यांची लाइन सगळ्यात लांब, त्यामुळे आईला कोटा वगैरे समजावून सांगावं लागलं नाही. मी मध्ये मध्ये मराठीत सांगत होतो. त्या हॉटेलात एक गरोदर बाई आहे, बर्टा, दिवस भरलेत, ती कशीबशी बॉर्डरपलीकडे जाऊन बाळंत होते, म्हणजे पोर जन्मतःच अमेरिकन. तिथे आईने मटार सोलायचं थांबवलं.

शेवटी जॉर्जला व्हिसा मिळतो, इन्स्पेक्टर डोळेझाक करतो, पलीकडे एमी उभी असते. मी म्हटलं, बघ, झालं सगळं गोड.

आई म्हणाली, "ह्याचं झालं रे. पण त्या हॉटेलातली बाकीची माणसं? ती अजून तिथंच आहेत ना?"

मी काय सांगणार. लॅपटॉप मिटला आणि सोललेले मटार आत ठेवून आलो.