मैलापाण्याचं विधेयक आणि गणिताचे सर

(दृश्य: फ्रँकफर्टचं विधान भवन. पायऱ्यांवरची गर्दी.)

हा लाल रंग बघा. पायऱ्यांवर लाल, हिरवळीवर लाल, आत घुमटाखालीही लालच. 2 एप्रिल 2018, सोमवार. अमेरिकेतल्या केंटकी राज्याची राजधानी, फ्रँकफर्ट. हे सगळे शिक्षक आहेत. राज्यात 120 काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत, आणि त्या दिवशी एकशेवीसच्या एकशेवीस काउंटींतल्या सरकारी शाळा बंद होत्या. काही ठिकाणी वसंताची सुट्टी होती. बाकीच्या ठिकाणी शिक्षकांनीच ती घडवून आणली होती.

आता त्यांच्या हातातले फलक बघा. मैला, गटार, संडास. मुलांना नीटनेटकं बोलायला शिकवणारी ही माणसं असले फलक घेऊन का उभी आहेत, हे समजायला चार दिवस मागे जावं लागेल.

(दृश्य: विधेयकाची पानं.)

29 मार्च, गुरुवार. सिनेट बिल 151. विषय होता सांडपाण्याची व्यवस्था. मैलापाणी कोणी वाहून न्यायचं, कसं न्यायचं, एवढंच. पानं 11. त्या दुपारी समितीच्या बैठकीत या विधेयकातला सगळा मजकूर काढून टाकला गेला. क्रमांक तोच ठेवला आणि आत भरला शिक्षकांच्या पेन्शनचा नवा कायदा. पानं झाली 291. संध्याकाळ उलटेपर्यंत दोन्ही सभागृहांत मतदानही उरकलं. प्रतिनिधीगृहात 49 विरुद्ध 46, सिनेटमध्ये 22 विरुद्ध 15.

291 पानं, एका दुपारी. धडा न वाचता कोणी उत्तर लिहिलं तर आपण त्या पोराला बाकावर उभं करतो.

कायद्यात काय होतं? नव्याने लागणाऱ्या शिक्षकांना ठरलेली पेन्शन नाही. त्याऐवजी प्रत्येकाच्या नावाचं एक खातं. त्यात पैसे साठतील, जे साठतील ते तुमचे. आधीपासून नोकरीत असलेल्यांनी वर्षानुवर्षं न घेता साठवलेल्या आजारपणाच्या रजा पेन्शनच्या हिशेबात धरल्या जात, त्यावरही मर्यादा आली. आणि एक गोष्ट, जी बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही: केंटकीतले शिक्षक अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीत नसतात. इतर कामगारांना म्हातारपणी केंद्र सरकारकडून जे मिळतं, ते शिक्षकाला त्याच्या शाळेच्या नोकरीवर मिळत नाही. त्याच्याकडे पेन्शन असते, आणि पेन्शनच असते. राज्याने कित्येक वर्षं त्या फंडात भरायला हवी तेवढी रक्कम भरलीच नव्हती, आणि आता तूट दाखवून बोट शिक्षकांकडे चाललं होतं.

(दृश्य: मार्च 2023, महाराष्ट्र. जिल्हाधिकारी कार्यालयासमोरचा मोर्चा.)

ही टोपी तुम्ही ओळखली असेल. पांढरी, त्यावर लिहिलेलं: एकच मिशन, जुनी पेन्शन. टोपी डोक्यावर नीट बसावी म्हणून या बाईंनी मागे केसांची पिन लावली आहे. 1 नोव्हेंबर 2005 ला किंवा नंतर नोकरीत लागलेल्यांचं दुखणं आपल्याकडे घरोघर माहीत आहे. एकाच स्टाफरूममध्ये, एकाच टेबलावर डबा खाणारे दोन शिक्षक, एकाला जुनी पेन्शन आणि दुसऱ्याला नाही. 14 मार्चला संप सुरू झाला, 20 मार्चला मागे घेतला गेला. केंटकीची गोष्ट आम्ही सांगायला घेतली ती या टोपीमुळे. पेन्शन ही बक्षिसी नाही. तो शिक्षकाचाच पगार आहे, पुढच्या दिवसांसाठी बाजूला ठेवलेला.

(दृश्य: डोंगरातला रस्ता, माउंट व्हर्नन गाव.)

आता गाव बदलू. रॉककॅसल काउंटी, ठाणं माउंट व्हर्नन. ॲपलाचियन डोंगरांचा पायथा. जवळच रेन्फ्रो व्हॅली, जिथे 1939 पासून लोकसंगीताचे कार्यक्रम होत आले आहेत. राजकारणाने हा मुलूख पक्का रिपब्लिकन. इथल्या रॉककॅसल काउंटी हायस्कूलमध्ये गणित शिकवणारे एक सर होते, ट्रॅव्हिस ब्रेंडा. तेही रिपब्लिकन. त्यांनी ठरवलं, प्रतिनिधीगृहाच्या 71व्या मतदारसंघातून उभं राहायचं.

अनेकांना वाटतं, ते मैलापाण्याच्या विधेयकाने चिडून उभे राहिले. तसं नाही. अर्ज भरायची मुदत जानेवारीतच संपली होती. पेन्शनचा आराखडा राज्यपाल मॅट बेविन यांनी आदल्या ऑक्टोबरमध्येच पुढे आणला होता. फळ्यावर काय लिहिलं जाणार आहे, हे गणिताच्या सरांना आधीच दिसलं होतं.

आणि समोर कोण? जोनाथन शेल. गॅरार्ड काउंटीचे शेतकरी. 2012 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी निवडून आलेले. 2016 मध्ये रिपब्लिकन पक्षाने जवळजवळ शंभर वर्षांनी केंटकीचं प्रतिनिधीगृह जिंकलं, तेव्हा गावोगाव फिरून उमेदवार हेरण्यात यांचा मोठा वाटा होता. 2018 मध्ये ते सभागृहातले बहुमताचे नेते होते. पेन्शनचा कायदा ज्यांनी लिहिला, त्यांच्यातले एक. म्हणजे सरांची लढत विरोधी पक्षाशी नव्हतीच. ती होती स्वतःच्या पक्षातल्या सगळ्यात वजनदार माणसांपैकी एकाशी.

(दृश्य: मतदान केंद्र, रांग.)

इथली पद्धत नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथे आहे. आपल्याकडे तिकीट पक्ष देतो. दिल्लीहून यादी येते, रात्री उशिरा नावं फुटतात. तिकडे पक्षाचा उमेदवार कोण, हे आधी मतदार ठरवतात, पक्षांतर्गत निवडणुकीत. केंटकीत या निवडणुकीत फक्त त्या पक्षात नाव नोंदवलेल्यांनाच मत देता येतं. आणि पक्ष बदलून नोंदणी करायची तर आदल्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत. मार्चमध्ये संतापलेला, डेमोक्रॅट म्हणून नोंदलेला शिक्षक मे महिन्यात ब्रेंडासरांना मत देऊच शकत नव्हता. जी काही मतं मिळवायची ती रिपब्लिकन घरांमधूनच.

आपल्याकडचा जिल्हा परिषदेचा शिक्षक निवडणूक फार जवळून बघतो. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचं, एसटीने केंद्रावर पोचायचं, शाळेच्याच खोलीत झोपायचं, पहाटे उठून मॉक पोल घ्यायचा, बोटाला शाई लावायची. स्वतः उभं राहायचं तर मात्र आधी राजीनामा. विधान परिषदेत शिक्षकांच्या 7 जागा आहेत, पण तिथेही प्राथमिक शिक्षकाला मत नाही, कारण मतदार होण्यासाठी निदान माध्यमिक स्तरावर शिकवावं लागतं. अंगणवाडीतून आलेल्या पोराला पहिली अक्षरं गिरवायला लावणारा शिक्षक त्या यादीतच नाही. ब्रेंडासर नोकरी न सोडता उभे राहिले, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

(दृश्य: 13 एप्रिल, विधान भवन. पुन्हा लाल गर्दी.)

10 एप्रिलला राज्यपालांनी कायद्यावर सही केली. 13 तारखेला शिक्षक पुन्हा राजधानीत जमले. त्या संध्याकाळी बेविन म्हणाले की, शाळा बंद असल्याने घरी एकट्या राहिलेल्या मुलांपैकी कुणावर तरी आज लैंगिक अत्याचार झाला असणार, याची मी खात्री देतो. दोन दिवसांनी त्यांनी माफी मागितली.

(काही क्षण निवेदन नाही. फक्त चेहरे.)

(दृश्य: निकालाची रात्र.)

22 मे 2018. गणिताचे सर जिंकले. पहिलीतल्या पोरालाही लिहिता येईल असा फरक: 123. एक, दोन, तीन. सभागृहातला बहुमताचा नेता 123 मतांनी घरी गेला. नोव्हेंबरमध्ये सर आमदार झाले.

(दृश्य: न्यायालय, मग रिकामं सभागृह.)

13 डिसेंबरला केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. विधेयकाचं वाचन तीन वेगवेगळ्या दिवशी व्हावं लागतं, आणि आधीची वाचनं मैलापाण्याची झाली होती. 2019 मध्ये राज्यपालपदाच्या निवडणुकीत बेविन हरले. त्या वेळी उपराज्यपालपदावर निवडून आलेल्या जॅकलिन कोलमन याही शिक्षिका. 2020 च्या पक्षांतर्गत निवडणुकीत ब्रेंडासर हरले. 2023 मध्ये शेल राज्याचे कृषी आयुक्त म्हणून निवडून आले. आणि 2021 मध्ये, राज्यपालांचा नकाराधिकार ओलांडून, नव्या शिक्षकांसाठी वेगळ्या पेन्शनचा कायदा मंजूर झाला. 1 जानेवारी 2022 पासून केंटकीत रुजू होणाऱ्या शिक्षकाला तो लागू आहे.

(दृश्य: पांढरी टोपी, बाकावर ठेवलेली. पिन अजून तशीच.)