नाक्यापलीकडची गोळी

नमस्कार श्रोतेहो.

शहापुरात माझं औषधाचं दुकान आहे. तीस वर्षं होत आली. आपलं बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव. युद्धावर बोलायला इथं माजी सैनिक हवे तितके मिळतील. मग मेडिकलवाल्याला का बोलावलं, असा प्रश्न मलाही पडला होता. पण बंदुकीच्या गोळीनं गेलेल्यांची मोजदाद निदान कुणी तरी ठेवतं. लढाईत बीपीची गोळी दोन महिने मिळाली नाही म्हणून गेलेल्यांची नोंद कुठल्या वहीत करायची? त्या वहीबद्दल बोलतो.

2020 चा लॉकडाऊन आठवा. ते काही युद्ध नव्हतं. शिनोळीजवळ, कर्नाटक-महाराष्ट्राच्या हद्दीवर, रस्ता अडवला, एवढंच. चंदगडकडची किती माणसं दवाखान्याला बेळगावला येतात, ते वेंगुर्ला रोडच्या वडापवाल्याला विचारा. डॉक्टर इकडचा, चिठ्ठी इकडची, घर तेवढं तिकडं. तिकडच्या एका काकांचं इन्सुलिन मी दूधवाल्याच्या गाडीतून पाठवलं. दुधाला परवानगी होती. त्यानं मोठ्या प्रेमानं ते थेट बर्फात खुपसायला घेतलं. मी ओरडलो, "अरे बाबा, गोठलं की संपलं ते!" शेवटी थर्मासात गार पाणी भरून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गेलं.

एक नाका बंद झाला तर ही गत. सीरियात तर यादवी युद्धाच्या आधी लागणारी बहुतेक औषधं देशातच बनायची. अलेप्पोच्या आसपास कारखाने होते. ते बंद पडले आणि मधुमेहाच्या साध्या गोळ्यांची टंचाई झाली. लसीकरण विस्कटलं आणि 1999 नंतर तिथं न दिसलेला पोलिओ 2013 मध्ये परत आला. टीबीचं तर तुम्हाला माहीतच आहे. कोर्स मध्येच तुटला की टीबी औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, आणि पळापळीत कोर्स तुटतोच.

डायलिसिसची गोष्ट वेगळी. तिथं नुसतं औषध पुरत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तास रक्त साफ करणारं मशीन लावायचं, आणि एका वेळेला साधारण 120 लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं. राकसकोप धरणाचं पाणी नळाला चार दिवस आलं नाही तर आपण नगरसेवकाच्या दारात उभे राहतो. डायलिसिसवाल्याला चार दिवस काढणंही कठीण. 8 जुलै 2024 ला युक्रेनच्या कीव्हमधल्या ओखमातदित या मुलांच्या हॉस्पिटलवर क्षेपणास्त्र पडलं. ज्या इमारतीवर पडलं, तिथं मुलांचं डायलिसिस चालायचं. दवाखान्यांना हात लावू नये असे करार आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं 2016 मध्ये त्यासाठी पुन्हा वेगळा ठराव केला. कागद पक्का आहे, काय म्हणणार.

आता एका बाईंची हकीकत सांगतो. मला ती फार आवडते. इव्हा सॅक्सल मूळच्या प्रागच्या. दुसऱ्या महायुद्धात जीव वाचवायला नवऱ्याबरोबर शांघायला पोचल्या आणि तिथं मधुमेह निघाला, इन्सुलिनशिवाय न भागणारा. त्यात जपान्यांनी शहर ताब्यात घेतलं, औषधांची दुकानं बंद. काळ्या बाजारातल्या कुपीवर भरवसा नाही. नवरा कापडधंद्यातला इंजिनिअर. म्हणजे आमच्या शहापूरच्या मागवाल्याला कुणी इन्सुलिन बनव म्हणावं, तसं! पण या दोघांनी वैद्यकाचं एक पुस्तक मिळवलं आणि म्हशीच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढलं. मातकट तपकिरी रंगाचं. आधी सशांना टोचून साखर उतरते का बघायचं, मग इव्हाबाईंनी स्वतःला टोचून घ्यायचं. त्या मातकट पाण्यावर 200हून जास्त माणसं लढाई संपेपर्यंत तगली. गोठ्यातली म्हैस आपण दुधासाठी सांभाळतो, पण मी ही हकीकत वाचल्यापासून तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो.

म्हैस झाली, आता माठ. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीत साखरेच्या रुग्णाला इन्सुलिन घरी नेऊ देत नव्हते, कारण तंबूत फ्रीज कुठला? रोज इंजेक्शनसाठी दवाखान्यात खेपा. मग डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही डॉक्टरांची मदतसंस्था आणि जिनिव्हा विद्यापीठानं तंबूतलं तापमान मोजलं. 25 ते 37 अंशांच्या चढउतारात इन्सुलिन चार आठवडे टिकतं, हे त्यांनी 2021 मध्ये दाखवून दिलं. आपल्याकडं तर खानापूरची मडकी आहेत. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं, आणि आत कोरड्या डबीत कुपी. लाइट गेली की मी गिऱ्हाइकाला हेच सांगतो. उन्हात ठेवू नका, आणि कुपी गढूळ दिसली, गुठळ्या दिसल्या तर वापरू नका. काही इन्सुलिन मुळात दुधाळच असतं, तेव्हा आपलं कुठलं ते एकदा डॉक्टरांना विचारून ठेवा.

2025 च्या मे महिन्यात पाकिस्तानशी चकमक झाली, तेव्हा चार दिवस सगळं गाव टीव्हीपुढं होतं. आमच्या गल्लीतल्या एका मावशींचा मुलगा सैन्यात, जम्मूकडं. मावशी दुकानात आल्या, चक्कर येतेय म्हणाल्या. बीपी बघितलं तर वरचा आकडा 190. मी पिशवीतली गोळ्यांची पट्टी काढायला लावली. रिकामी व्हायला हवी होती, त्यात पाच गोळ्या तशाच.

"घेतलोच नाही रे," त्या म्हणाल्या. "पोरगं तिकडं, मी हिकडं गोळी कसली गिळू? ध्यानातच राहत नाही बघ."

रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात धाडलं. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी दुकानात यायच्या, माझ्या बाटलीतलं पाणी घ्यायच्या, माझ्यासमोर गोळी गिळायच्या आणि जायच्या. एक दिवस आल्या नाहीत. चौकशीला पोराला घरी पाठवलं, तर कळलं की पहाटे लेकाचा फोन आला होता, आणि त्या आनंदात मावशी गोळी घ्यायची विसरल्या होत्या.